परीक्षेचा घसा

मोहाची फुलं पडायला लागली की आमच्या फलकावर परीक्षेचं वेळापत्रक लागतं. विद्यापीठ काही मोहाला विचारून तारखा ठरवत नाही, पण सिल्वासात इतकी वर्षं काढल्यावर माझ्या डोक्यात या दोन गोष्टी जोडीनेच येतात. सकाळी खानवेलकडून येणाऱ्या बसमध्ये एखादीच्या टोपलीतून तो गोडसर, किंचित आंबूस वास येतो. पुलावरून दमणगंगा ओलांडताना खिडकीतून गरम हवा आत शिरते, आणि वारा सायलीच्या बाजूचा असला तर तिच्यात कारखान्यांतल्या तापलेल्या प्लास्टिकचा वास मिसळतो. हे दोन वास एकमेकांत गेले की समजावं, पर्यवेक्षणाच्या ड्यूट्या लागल्या. मी मूळची गुहागरची. माझ्या लहानपणच्या परीक्षांना काजूच्या बोंडांचा वास होता. पण माणूस जिथे पगार घेतो तिथलेच ऋतू शेवटी त्याचे होतात.

यंदाही वेळापत्रक लागलं. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही सगळे कर्मचारी अंगणात जमलो आणि माइकवर बोटाने दोनदा टकटक झालं. ते बोट देवरेभाऊंचं होतं. पूर्वी त्या टकटकीनंतर त्यांचा आवाज यायचा. आता त्यांनी टकटक केली, माइक माझ्याकडे सरकवला आणि ते बाजूला उभे राहिले.

मी आस्थापना विभागात आहे. कर्मचाऱ्यांना सूचना देणं हे माझं काम. पार्किंग कुठे बंद, ओळखपत्रं कधी बदलून मिळणार, पाण्याच्या टाक्या कोणत्या दिवशी धुणार, आग लागली तर कुठल्या जिन्याने पळायचं. अलीकडे त्यात वेलनेसची भर पडली आहे. योगाचा वर्ग, डोळ्यांची तपासणी, ताणतणावावर व्याख्यान, मन मोकळं करायला समुपदेशकाची खोली. ही खोली फार छान सजवली आहे, तिथे कुंडीत एक झाड आहे आणि खुर्च्या मऊ आहेत. त्या खोलीत माणसं बहुतेक डबा खायला जातात, कारण तिथला पंखा चांगला आहे. मी हे सगळं ‘कळवण्यात येते की’ अशा भाषेत लिहिते. वर्षातले बाकीचे महिने ते फोनवर पाठवते, आणि ते कोणी वाचत नाही. अंगठा मात्र सगळे उठवतात.

परीक्षेच्या दिवसांत मात्र आमच्याकडे वेगळी रीत आहे. सकाळी येताच सगळ्यांचे फोन कपाटात जमा होतात आणि दुपारच्या सुट्टीत तेवढ्यापुरते परत मिळतात. मग सूचना पोचवायच्या कशा? तर पेपरच्या आधी अंगणात माइकवर वाचून. आणि वाचायच्या तीन भाषांत, कारण आमच्यातले निम्मे लोक घरी गुजराती बोलतात, काही मराठी आणि उरलेले कारखान्यात शिकलेली हिंदी. हे वाचायचं काम पहिल्यापासून देवरेभाऊंकडे होतं.

देवरेभाऊ परीक्षा विभागात शिपाई. धुळे जिल्ह्यातले, साक्रीकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी सायलीत धाग्याच्या कारखान्यात कामाला आले, आणि तिथल्या यंत्रांच्या घरघरीवर बोलायचं तर ओरडावंच लागतं, म्हणून त्यांचा आवाज असा झाला, असं तेच सांगायचे. “ताई, मशीनच्या वरून बोलता आलं पाहिजे. नाहीतर पलीकडच्याचा हात जायचा,” हे त्यांचं आवडतं वाक्य. कारखाना सुटला, विद्यापीठात नोकरी लागली, पण आवाज यंत्राच्या वरचाच राहिला. त्यांना खरं तर माइकची गरज नव्हती. आधी बोटाने दोनदा टकटक करायचे, मग सुरू व्हायचं. “लक्ष द्या मंडळी, आज कूलर बंद आहे, माठ भरलेले आहेत. आजे कूलर बंध छे, माटलां भरेलां छे. आज कूलर बंद है, मटके भरे हैं.” आणि शेवटी स्वतःच्या पदरचं एखादं शेपूट जोडायचे, “नि पाणी पिऊन ग्लास उलटा ठेवा, तुमच्या सासूबाई येणार नाहीत उचलायला.” माझ्या ‘कळवण्यात येते की’ला त्यांच्या तोंडी जीव यायचा. कोरड्या भाकरीवर कोणी लोणी लावून द्यावं तसं.

एका हिवाळ्यात वेलनेसची सहल म्हणून आम्हाला वासोण्याला सिंह बघायला नेलं होतं. सिंह सागाच्या सावलीत पसरलेला, शेपटीवरच्या माश्याही न हाकणारा. गाडी थांबली, फोटो निघेनात, सगळे हळहळले. तेव्हा ज्योतीबेन म्हणाली, “देवरेभाई, तमे बोलावो ने!” ज्योतीबेन आमची हिशेबनीस, वापीची, तिला प्रत्येक गोष्टीत गंमत हवी. देवरेभाऊंनी जाळीच्या खिडकीला दोनदा टकटक केलं आणि आपल्या माइकच्या आवाजात म्हणाले, “उठा साहेब, पेपर सुरू झाला!” सिंहाने खरंच मान वर केली. ड्रायव्हरने आम्हाला रागावून गाडी पुढे काढली. परत येताना सगळी गाडी हसत होती, आणि देवरेभाऊ खिडकीशी बसून शांतपणे चणे खात होते.

आता त्यांच्या घशाबद्दल सांगते. दरवर्षी परीक्षेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा घसा बसायचा. बसणारच. उन्हाळा, धूळ, तीन भाषा, आणि वर पेपर संपेपर्यंत पोरांना रांगेत उभं करणं. आमच्याकडे त्याला नावच पडलं होतं, परीक्षेचा घसा. घसा बसला की परीक्षा अर्ध्यावर आली असं धरायचं. मग उपायांची चढाओढ लागायची. मी ज्येष्ठमधाच्या काड्या आणायची. ज्योतीबेन थर्मासमधून हळद घातलेलं दूध आणायची आणि समोर उभं राहून प्यायला लावायची, “आ गरम गरम पी लो, गळुं खुली जशे.” ग्रंथालयातून कोणी खडीसाखर पाठवायचं, कोणी लवंग. ते सगळं घ्यायचे, सगळ्यांना बरं वाटतंय म्हणून सांगायचे. शेवटचा पेपर झाला की चार दिवसांत आवाज परत यायचा. इतक्या वर्षांत तो परत आला नाही असं झालंच नव्हतं.

या घशाची आणखी एक वाटेकरी होती, त्यांची आई. ती गावी असते, धाकट्या मुलाकडे. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नाही, सावल्या तेवढ्या कळतात. देवरेभाऊ रोज दुपारच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी तिला फोन लावतात. धाकट्या भावाची बायको फोन तिच्या हातात देते. मी बाजूच्याच टेबलावर जेवते, म्हणून ते बोलणं वर्षानुवर्षं माझ्या कानावर पडत आलं आहे. जेवना का, गाय व्याली का, पाय दुखतो का. गुहागरच्या माणसाला अहिराणी काय कळणार, पण डब्याबरोबर ऐकत ऐकत मलाही ती येऊ लागली. परीक्षेच्या दिवसांत देवरेभाऊ घोगऱ्या आवाजात सांगायचे, “माय, घसा बठेल शे. परीक्षा चालू शे ना.” आणि पलीकडून ती म्हातारी खणखणीत म्हणायची, “पोरे परीक्षा देतस नि घसा तुना बठस! असं कसं रे भो?” आम्ही सगळ्या टेबलांवरून हसायचो. तिला दिसत नाही, त्यामुळे मुलगा म्हणजे तिच्यासाठी हा आवाजच. तो बसलेला असला तरी तिला चालायचा, यायचा तेवढा पुरे होता.

दोन वर्षांपूर्वी मात्र घसा लवकर बसला. पळस अजून फुललेलाच होता, वेळापत्रकाचा पत्ता नव्हता आणि देवरेभाऊंचा आवाज खरखरायला लागला. ज्योतीबेनने लगेच फिरकी घेतली की देवरेभाईंनी यंदा आधीच अभ्यास सुरू केला. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. परीक्षा जवळ आली म्हणजे घसा बसणार, एवढं साधं गणित होतं, आणि गणित उलटं धरलं तरी उत्तर तेच येत होतं. ज्येष्ठमध आलं, हळदीचं दूध आलं. उलट नेहमीपेक्षा जास्त आलं, कारण यंदा बिचाऱ्यांना जास्त दिवस काढायचे होते. पुढे परीक्षा सुरू झाली आणि ते त्याच घशाने वाचत राहिले. मी एकदा म्हटलं, “भाऊ, राहू द्या, दुसरं कोणी वाचेल.” तर म्हणाले, “दर सालचं आहे ताई. पेपर संपला की खुलतो.” आणि हे मला त्यांच्यापेक्षा का कमी माहीत होतं?

त्या परीक्षेतच आरोग्य सप्ताह आला. आमच्याकडे या गोष्टी नेमक्या परीक्षेतच येतात, कारण तेव्हाच सगळे हजर असतात. आरोग्य कक्षातल्या डॉक्टरबाईंनी सूचना पाठवली होती, ती मी नेहमीसारखी उतरवून दिली. अंगणात ऊन चढायला लागलं होतं, नाश्त्याच्या वाफा कँटीनमधून येत होत्या. टकटक झालं. देवरेभाऊ वाचू लागले. रक्तदाब तपासून घ्यावा. साखर तपासून घ्यावी. आणि मग, बाक फरशीवरून ओढल्यासारख्या आवाजात, “आपला आवाज बरेच दिवस बसलेला असल्यास दुर्लक्ष करू नये, त्वरित तपासून घ्यावे.”

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं अंगण हसलं. ज्योतीबेन तर पदर तोंडाला लावून खाली बसली. देवरेभाऊंनी कागदाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि तेही हसले. “पहिले मलेच दखाडा म्हना!” ते माइकमध्येच म्हणाले, आणि हसताना त्यांना जो खोकला लागला तो थांबेपर्यंत आम्ही हसत होतो. मग त्यांनी तीच ओळ गुजरातीत वाचली आणि पुन्हा हशा. हिंदीत वाचली, पुन्हा हशा. तीन भाषांत तो निरोप त्यांनी स्वतःच स्वतःला दिला, आणि तीनही भाषांत तो आम्हाला विनोद वाटला.

त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मी ते पुष्कळदा उलटंपालटं करून पाहिलं आहे. कोणी टिंगल केली नाही, कोणी हलगर्जीपणा केला असंही म्हणवत नाही. उलट आमच्या विद्यापीठात कोणाच्या घशाची काळजी घेतली गेली असेल तर याच घशाची. मला रडू येतं ते याचंच. माणसाला कोणी विचारत नाही म्हणून त्याचं दुखणं कळत नाही, हे आपण ऐकलेलं असतं. इथे सगळे विचारत होते. रोज विचारत होते, आणि उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. आमच्या मायेला त्या घशाची सवय झाली होती. हळदीचं दूध त्यांच्यापर्यंत पोचत होतं, ती ओळ पोचली नाही.

पेपर संपले. मे आला, मोहाच्या फुलांच्या जागी फळं धरली, अंगण ओस पडलं. देवरेभाऊंचा आवाज खुलला नाही. खुलायचं सोडून तो आणखी आत गेला, विहिरीच्या तळाशी गेल्यासारखा. सुट्ट्या संपून आम्ही परतलो तेव्हा मी त्यांना “कसे आहात?” म्हणून विचारलं आणि ओठ हलले, शब्द आला नाही. ज्योतीबेन थर्मास टेबलावर ठेवून त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तीच त्यांच्या दंडाला धरून डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी विचारलं किती दिवस झाले. कोणालाच सांगता येईना, कारण कुठला घसा परीक्षेचा आणि कुठला हा, ते कोणी वेगळं केलंच नव्हतं.

पुढचं मुंबईच्या मोठ्या इस्पितळात झालं. गाठ स्वरयंत्रावर होती आणि वाढलेली होती. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं तिथे सांगितलं. देवरेभाऊंची बायको सुनंदावहिनी सायलीत एका कारखान्यात पॅकिंगला जाते. तिने मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, “ताई, माणूस राहील म्हणतात. आवाज राहणार नाही.” मी म्हटलं, माणूस राहू दे. असं म्हणणं किती सोपं असतं. ऑपरेशनच्या आधल्या दिवशी त्यांनी दुपारी आईला फोन लावला होता, असं वहिनीने मागाहून सांगितलं. उरल्यासुरल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, “माय, घसा बठेल शे. आते काही दिन बोलता येनार नही.” आणि तिने विचारलं, परीक्षा चालू शे का? ते हो म्हणाले.

त्यांनी आईशी बोललेला तो शेवटचा शब्द.

त्यांच्या ऑपरेशननंतर समुपदेशकांनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावलं होतं, दुःख बोलून दाखवावं म्हणून. आम्ही मऊ खुर्च्यांवर गोल करून बसलो. पंखा फिरत होता. शेवटी ज्योतीबेन म्हणाली, “अमे तो एमने रोज सांभळता हता.” आम्ही त्यांना रोज ऐकत होतो. समुपदेशक बराच वेळ गप्प बसले. तो माणूस मला तेव्हापासून आवडतो.

गेल्या वर्षीच्या परीक्षेला देवरेभाऊ रजेवर होते, किरणोपचारांतून सावरत होते. तेव्हा कार्यालयाने सूचनांसाठी एक यंत्र आणलं. त्यात मजकूर घातला की बाईच्या गोड आवाजात तीनही भाषा बाहेर पडतात. उच्चार शुद्ध, एक शब्द चुकत नाही. पण ती बाई पाणी प्या म्हणाली तरी कोणाला तहान लागायची नाही. लोक तिच्यावरून गप्पा मारत राहायचे. गेल्या पावसाळ्यात ते कामावर परत आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते यंत्र फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं, जुना माइक पुसून आणला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. माझी गुजराती ऐकून ज्योतीबेनला अजूनही हसू येतं. पण देवरेभाऊ शेजारी उभे राहतात. मी वाचते तसे त्यांचे ओठ हलतात, आणि मी अडखळले की मी त्यांच्या ओठांकडे बघते. कूलर बंध छे. माटलां भरेलां छे. शेपूट मात्र मला जोडता येत नाही.

ते आता गळ्यातल्या छिद्राने श्वास घेतात. त्यावर वहिनीने शिवलेला पातळ सुती रुमाल बांधलेला असतो, रोज वेगळ्या रंगाचा. हिवाळ्यात आम्ही त्यांना घेऊन दुधनीला गेलो होतो, धरणाच्या पाण्यावर. तिथे पूर्वी ते काठावरून होडीवाल्याला हाक मारायचे आणि पलीकडच्या टेकडीखालून होडी वळायची. त्या दिवशी होडी लांब होती. ते काठाशी गेले, त्यांनी सवयीने छाती भरून घेतली, आणि तसेच उभे राहिले. मग हात हलवला. होडीवाल्याचं लक्ष नव्हतं. ज्योतीबेनने हाक मारली, तिचा आवाज काही पोचला नाही. आम्ही भाजलेले मासे खाल्ले आणि घरी आलो. मासे खाताना त्यांनी बोट नाकाकडे नेऊन नाही म्हणून खूण केली. श्वास नाकातून जात नाही म्हटल्यावर वासही येत नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. म्हणजे यंदाचा मोह त्यांना फक्त दिसतो.

यंदाचा आरोग्य सप्ताह मागच्या आठवड्यात झाला. डॉक्टरबाईंच्या सूचनेत ती ओळ होतीच. मी ती वगळू का म्हणून डॉक्टरबाईंना विचारणार होते, पण देवरेभाऊंनी तो कागद आधीच वाचला होता. टकटक झालं. मी रक्तदाब वाचला, साखर वाचली, आणि त्या ओळीशी येऊन थांबले. अंगणात पाखरांचा आवाज येत होता. देवरेभाऊंनी पुढे होऊन माइकवर पुन्हा दोनदा टकटक केलं, आणि गळ्यावरच्या रुमालाला बोट लावून सगळ्यांकडे पाहिलं. मग मी वाचलं. तीनही भाषांत वाचलं. या वेळी कोणी हसलं नाही. दुपारी आरोग्य कक्षाबाहेरचं बाक भरलेलं होतं, त्यात एक-दोघे नुसतीच सर्दी झालेलेही होते.

असं सगळं आता रुळलं आहे म्हणायला हरकत नाही. पण एक गोष्ट रुळलेली नाही, ती दुपारचा फोन. आईला सांगायचं नाही, असं त्यांनी इस्पितळातून घरी आल्यावर वहीत लिहून सगळ्यांना बजावलं. तिचं वय, तिचे डोळे. तिला कळलं तर ती जेवण सोडेल अशी त्यांची खात्री आहे. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते त्यांनी आणलं आहे, बाजारात कामापुरतं वापरतातही. पण त्यातून येणारा आवाज यंत्राचा असतो, धाग्याच्या कारखान्यातल्यासारखा घरघरता, आणि तो त्यांना आईला ऐकवायचा नाही. म्हणून ते फोन लावतात आणि त्यावर बोटाने दोनदा टकटक करतात. घरून केला तर वहिनी बोलते. पण आई वाट बघते ती दुपारी, आणि तेव्हा वहिनी कारखान्यात असते. म्हणून स्पीकर चालू करून फोन माझ्या टेबलावर ठेवायचा आणि मी सांगायचं, “मावशी, भाऊ जेवतायत. घसा बसलाय. परीक्षा चालू आहेत.” पावसाळ्यात परीक्षा, थंडीत परीक्षा. ती विचारते, पोरं पास होत नाहीत का? मी म्हणते, फेरपरीक्षा आहेत मावशी. ऑपरेशन झाल्यापासून देवरेभाऊ गावी गेलेले नाहीत. दिवाळीला वहिनी एकटीच जाते आणि फराळाचा डबा घेऊन परत येते.

परवाची गोष्ट. फोन लागला होता, टकटक झाली होती, आई तिच्या गाईचं काहीतरी सांगत होती. देवरेभाऊंच्या हाताला भाजीचा रस्सा लागला म्हणून ते उठून नळाकडे गेले. म्हातारी बोलता बोलता थांबली.

“बाई,” ती म्हणाली, “तो शे का तठे?”

“नाही मावशी, हात धुवायला गेलेत.”

“मंग आयक.” तिचा आवाज एकदम खाली आला. “मले माहीत शे. त्याना आवाज गया.”

मी नळाकडे पाहिलं. देवरेभाऊ अजून पाठमोरेच होते.

“इतल्या लांबन्या परीक्षा ऱ्हातस का कोठे? दोन दिवाया गयात, तो घर उना नही. माय शे मी त्यानी. मले दिसत नही, पन आयकू येस.” जरा थांबून ती म्हणाली, “तो टकटक करस ना, ते मले पुरस. तेवढ्यात मले समजस, त्यानी भाकर खाद्यी का नही. पन तू त्याले सांगू नको व बहीण. मायले समजनं असं त्याले समजनं, तर तो रोज रडी. त्याले वाटू दे परीक्षा चालू शेतस. मी रोज इचारसू. तू रोज सांगज्यो.”

नळ बंद झाल्याचा आवाज आला. देवरेभाऊ टॉवेलला हात पुसत येत होते. मी भाताचा घास उचलला आणि तो तसाच हातात राहिला. ते खुर्चीत बसले, फोनकडे वाकले आणि बोटाने दोनदा टकटक केलं.

पलीकडून लगेच तो नेहमीचा खणखणीत आवाज आला, “का रे भो, सरन्यात का तुन्या परीक्षा?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखी मान हलवली.

“नाही मावशी,” मी म्हणाले, “अजून चालूच आहेत.”